विज्ञान विभागाची नवी इमारत: वीज नक्की जाते कुठे?

प्रयोगवही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या विज्ञान विभागांसाठी नवी इमारत मंजूर झाली आहे. तळमजला अधिक तीन, एकूण बांधकाम साधारण ५००० चौरस मीटर. रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि थोडं संगणक. मला बांधकाम समितीवर घेतलंय आणि मागच्या आठवड्यात पहिलं सादरीकरण झालं.

चित्र देखणं होतं. मुख्य रस्ता पश्चिमेला आहे म्हणून पश्चिमेची अख्खी बाजू काचेची. मी विचारलं, मे महिन्यात दुपारी चार वाजता या काचेमागे कोण बसणार? उत्तर आलं, "मॅडम, एसी असणारच आहे, आणि गच्चीवर सोलर लावतोय. इमारत ग्रीनच होणार."

घरी येऊन मी हिशोब मांडला. गच्ची १२५० चौरस मीटर. टाक्या, लिफ्टची खोली, धुराड्यांचे पंखे, चालायची वाट सोडली तर ६०० उरतील. एका किलोवॅटला १० चौरस मीटर धरले तर ६० किलोवॅट. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला ८७,६०० युनिट. आता खर्च बघा. जुन्या इमारतीच्या बिलांवरून चौरस मीटरमागे वर्षाला १५० युनिट धरलेत, म्हणजे साडेसात लाख युनिट. गच्ची पॅनेलनी झाकून टाकली तरी जेमतेम आठवा-नववा हिस्सा भागतो.

मग बाकीची वीज कमी कशी करायची? सुरुवात कुठून करायची? भिंती, काचा, एसी, दिवे, की आणखी काही? पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे आणि मला तिथे नुसता विरोध करायचा नाहीये, पर्याय घेऊन जायचंय. ज्यांनी अशा इमारती बांधल्या, वापरल्या किंवा सोसल्या आहेत त्यांनी कृपया लिहा.

मीटर_रीडिंग

उत्तम विषय. वाचतोय. एक सांगा, जुन्या इमारतीत रात्री बारा ते पहाटे पाचचं रीडिंग घेतलंय का कधी? घेऊन बघा. झोप उडेल.

टनभर

एसी आणि वायुवीजनाचं डिझाइन करतो, पंचवीस वर्षं झाली. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, फक्त यादीत मुख्य आरोपीचं नाव नाही. हवा.

ऑफिसात एसी तीच हवा फिरवून फिरवून थंड करतो. प्रयोगशाळेत, विशेषतः रसायनाच्या, तसं करता येत नाही. थंड केलेली हवा एकदा वापरायची आणि बाहेर फेकायची.

फ्यूम हूडसमोर, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर फेकणाऱ्या कपाटासमोर, उभं राहून हिशोब करू. हूड दीड मीटर रुंद, पुढची काच म्हणजे सॅश ४५ सेंटीमीटर वर. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. १.५ गुणिले ०.४५ गुणिले ०.५, म्हणजे सेकंदाला ०.३४ घनमीटर, तासाला १२०० च्या वर. आपली १० बाय १२ ची, दहा फूट उंच खोली ३४ घनमीटरची असते. म्हणजे एक हूड दर शंभर सेकंदांना एक अख्खी खोली भरून थंड हवा आकाशात सोडतो. दिवसभर. आणि बंद केला नाही तर रात्रभर.

तेवढीच बाहेरची हवा आत घेऊन थंड करावी लागते. मे महिन्यात ४४ अंशांची, पण कोरडी हवा असते, तिला एका हूडमागे साधारण ३ टन लागतात. घरातले दीड टनाचे दोन एसी. आणि खरी मेख पुढे आहे: जुलैत तापमान २८ असलं तरी हवेतलं पाणी काढून टाकायला ४ ते ५ टन लागतात. लोक मे महिन्याला घाबरतात, प्रयोगशाळेचं बिल पावसाळा वाढवतो.

नव्या इमारतीत हूड किती आहेत?

प्रयोगवही

@टनभर, शंभर सेकंद! हे वर्गात सांगणार आहे मी. विभागांनी दिलेल्या यादीत ४२ हूड आहेत.

टनभर

४२ गुणिले ३ म्हणजे मे महिन्यात सव्वाशे टन फक्त हूडसाठी. वर्ग, कार्यालयं, माणसं, ऊन अजून मोजलेलंच नाही. ही यादी कुणी केली? गरज मोजून केली की "मिळतंय तर मागून ठेवू" म्हणून?

छज्जा

वास्तुविशारद आहे. टनभर यांच्या आकड्यांवर आक्षेप नाही, पण सुरुवात हवेपासून या म्हणण्याशी असहमत. यंत्र बदलता येतं, इमारतीची दिशा बदलता येत नाही. पहिल्या रेघेला चूक झाली तर पुढची पन्नास वर्षं तिचं बिल भरावं लागतं.

नागपूर अक्षांश २१ च्या जरा वर आहे. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला अडीच फुटांचा छज्जासुद्धा पुरतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो, तेव्हा ऊन आत आलं तरी हवंहवंसंच असतं. उत्तरेचा उजेड दिवसभर शांत, टायट्रेशनचा रंग बघायला त्याच्यासारखा उजेड नाही. पश्चिम मात्र वैरी. चारचा सूर्य इतका खाली असतो की कुठलाच आडवा छज्जा त्याला अडवत नाही.

म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा. पश्चिमेच्या टोकाला जिना, स्वच्छतागृहं, भांडारं, लिफ्ट. रस्त्यावरून दिसायला काच हवी असेल तर जिन्याला जाळी लावा, रात्री आतल्या दिव्याने ती काचेपेक्षा सुंदर दिसते. ऊर्जा संवर्धन संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीतही भिंतीच्या ४० टक्क्यांवर खिडक्या घेतल्या तर सरळ नियमाने पास होता येत नाही, वेगळा हिशोब सिद्ध करावा लागतो. ही एक ओळ बैठकीत नेलीत तरी पश्चिमेची काच उतरेल.

मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स बघा. जॉर्ज विटेटचं काम, १९२० चं. जाड दगडी भिंती, उंच छत, खोल व्हरांडे. त्या काळी एसी नव्हताच, इमारतच ते काम करायची.

परीक्षानळी

छज्जा यांनी जुन्या इमारतींचा विषय काढला म्हणून लिहितो. ३४ वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो.

आमच्या प्रयोगशाळेत हूड एकच होता आणि त्याचा पंखा वर्षातले सहा महिने बिघडलेला असे. तरी चालत होतं, कारण वास येणारी कामं मुळात इमारतीत होतच नसत. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, दोन बाजूंना विटांची जाळी, दार नाही. तिच्यात वायू तयार करायचं किपचं उपकरण. पोरं परीक्षानळी घेऊन तिथे जायची, हायड्रोजन सल्फाइड सोडून परत यायची. व्हरांड्यात नुसतं नाकाने कळायचं की आज दुसऱ्या गटाचं पृथक्करण चालू आहे. थंड करायची तर गरजच नव्हती तिथे, उघड्यावरची खोली ती.

पुढे आम्ही सगळं लहान मापावर आणलं. थेंबाथेंबाने कसोट्या, १० मिलीचं ब्युरेट, आणि तो वायू अभ्यासक्रमातूनच गेला. त्यानंतर पदवीच्या वर्गाला हूड लागायचा तो आठवड्यातून एखाद्या दिवशी, तीव्र आम्ल ओतून घ्यायला. ताई, तुमच्या ४२ मधले पदवीच्या प्रयोगशाळेतले किती? इमारतीचा नकाशा काढण्याआधी प्रयोगांची वही उघडा. प्रयोग बदलला की हूड जातो, हूड गेला की तीन टन जातात.

सॅश_खाली

परीक्षानळी सरांना दंडवत. त्यांनी जे लिहिलं तेच मला कॅलिफोर्नियात पाच वर्षं घालवून शिकावं लागलं.

मी अर्व्हाइनच्या विद्यापीठात पोस्टडॉक होते. २००८ च्या सुमारास तिथे स्मार्ट लॅब्ज नावाचा उपक्रम सुरू झाला आणि जुन्या प्रयोगशाळांमधली ऊर्जा निम्म्याहून कमी झाली. युक्ती अशी की हवा आंधळेपणाने फेकायची नाही. खोलीत माणसं असताना तासाला ४ वेळा हवा बदलायची, कुणी नसताना २ वेळा. आणि खोलीतल्या हवेचे नमुने सतत तपासणारी यंत्रणा असते, बाटली फुटली किंवा काही सांडलं की पंखे आपोआप जोर धरतात. एरवी तासाला ६ ते १२ बदल, तेही चोवीस तास, असं सगळीकडे धरतात.

दुसरी गोष्ट अगदी घरगुती. सॅश खाली ओढा. हार्वर्डमध्ये यावर प्रयोगशाळांच्या स्पर्धा लावल्या होत्या. आमच्याकडे प्रत्येक हूडच्या काचेवर हिरव्या-लाल पट्टीचं स्टिकर होतं. संध्याकाळी सहाला आमची प्रयोगशाळा-व्यवस्थापक बाई फेरी मारायची आणि ज्याची काच वर दिसेल त्याच्या टेबलावर एक चिकट कागद लावून जायची, नुसता एक बाण, खाली तोंड केलेला. दोन आठवड्यांत सगळ्यांचे हात वळणावर आले.

पण त्याचा फायदा केव्हा? हूडचा पंखा आणि झडप काचेप्रमाणे बदलणारी असेल तेव्हाच. काच ४५ वरून १५ सेंटीमीटरवर आणली की हवा एक तृतीयांश. साधा एकाच वेगाचा पंखा असेल तर काच खाली करून वीज काही वाचत नाही.

रात्रपाळी

आमच्याकडे शनिवारी रात्री बाराला तिसऱ्या मजल्यावरचे सगळे हूड घोंघावत असतात, माणूस एकही नाही. वॉचमनकाका म्हणतात, "भूत पीएचडी करतंय, त्याला गाइड मिळत नाहीये."

मीटर_रीडिंग

@रात्रपाळी, म्हणूनच पहिल्या प्रतिसादात रात्रीचं रीडिंग विचारलं :)

दार_लावा

मी वेगळी बाजू सांगतो, जरा कडू आहे. एका संस्थेत, नाव घेत नाही, अगदी सॅश_खाली म्हणतात तशी आधुनिक यंत्रणा बसवली होती. बदलत्या वेगाचे पंखे, संगणकावर सगळ्या खोल्यांचा नकाशा, उद्घाटनाला फीत.

दुसऱ्या वर्षी दोन झडपांचे कंट्रोलर गेले. देखभालीचा करार निविदेत धरलाच नव्हता. सुटा भाग महाग म्हणून कुणीतरी झडपा पूर्ण उघड्या करून तारेने बांधून टाकल्या. मग बाहेरची हवा आत घेणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला, तो तुटलेलाच राहिला. आता बघा, हूड हवा खेचतायत, आत हवा येत नाही. खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं, ते दोन हातांनी पाय रोवून ओढावं लागायचं. सुटलं की धाडकन बंद. एका मुलीचं बोट त्यात चेमटलं. त्यानंतर शिपायाने दारात वीट लावून ठेवली, ती वीट मी सोडून आलो तेव्हाही तिथेच होती. मे महिन्यात जिन्यातली ४२ अंशांची हवा त्या विटेवरून आत वाहायची आणि आतला एसी तिच्याशी भांडायचा.

त्यामुळे ताई, शोभेची यंत्रणा घेऊ नका. तुमच्या गावात जो दुरुस्त करू शकेल असा माणूस आहे, तेवढीच घ्या. आणि निविदेतच पाच वर्षांची देखभाल लिहा, नाहीतर सर्वांत कमी दर देणारा येतो आणि हमीचं एक वर्ष संपलं की फोन उचलत नाही.

टनभर

दार_लावा, तुमचं दुःख माझ्या व्यवसायात रोजचं आहे, आणि दोष आमचाही आहे. आम्ही चालू करून देतो, चालवायला शिकवत नाही. आता मी अट घालतो की ताबा देताना प्रत्येक ऋतूत एकदा सगळी हवा मोजून दाखवायची: मे, ऑगस्ट, जानेवारी. एकाच दिवशी मोजून सही घेतलेली इमारत खरी कशी वागते ते कुणालाच कळत नाही.

उणे_ऐंशी

जीवशास्त्राकडून एक. उणे ८० अंशांचे फ्रीझर विसरू नका. जुना फ्रीझर दिवसाला १६ ते २० युनिट खातो, एखाद्या घराएवढी वीज. आणि खाल्लेली सगळी वीज उष्णता होऊन खोलीत सोडतो, ती काढायला पुन्हा एसी. आमच्याकडे असे सहा फ्रीझर कॉरिडॉरमध्ये रांगेने उभे आहेत, पावसाळ्यात मुलं त्यांच्या मागे ओले मोजे वाळवतात.

दोन उपाय. बहुतेक नमुने उणे ७० ला व्यवस्थित टिकतात, नुसत्या त्या दहा अंशांत साधारण ३० टक्के वीज वाचते. आणि नव्या इमारतीत फ्रीझरसाठी वेगळी खोली करा, उत्तरेला, त्यांची गरम हवा थेट बाहेर काढणारी. खोली १८ अंशांवर ठेवायची गरज नाही, ३० च्या आत राहिली तरी फ्रीझर खूश असतात.

आणि दर वर्षी एकदा आतला बर्फ खरवडा आणि मालक नसलेले नमुने काढा. आम्हाला २००९ च्या चिठ्ठ्या लावलेले डबे सापडले, ज्यांचे ते आज स्वतः गाइड आहेत.

वऱ्हाडी_कूलर

एवढी मोठी चर्चा आणि कूलरचं नाव नाही? आमच्या विदर्भात एप्रिल ते जून वाळ्याच्या ताट्यांपुढे एसीची काय बिशाद. वर्ग आणि कार्यालयांना मोठा डक्ट कूलर लावा, विजेचा खर्च एसीच्या पाव.

प्रयोगवही

@वऱ्हाडी_कूलर, वर्गांसाठी मनापासून पटलं. उपकरणांच्या खोलीत मात्र नाही. आमच्या इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटरच्या खिडक्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या आहेत. मीठच ते. जुन्या इमारतीत एकदा शेजारच्या खोलीतल्या कूलरची दमट हवा पंधरा दिवस आत येत राहिली आणि स्फटिकावर दुधासारखी साय आली. मी कापूस घेऊन उभी, आणि पुसायचंही भय, कारण पुसलं की आणखी झिजतं. त्या खोलीला छोटा वेगळा एसी आणि कोरडेपणा हवाच. पण खोली छोटी आहे, खर्च छोटा.

वऱ्हाडी_कूलर

मान्य. कूलरच्या हद्दीबाहेर मिठाची खोली :)

पावसाळी_बेडूक

रत्नागिरीकडून सलाम. आमच्याकडे वर्षाचे आठ महिने जुलैच असतो. टनभर यांचं "पावसाळा बिल वाढवतो" वाचून आमच्या प्राचार्यांना दुवा पाठवला.

मुरमाड

स्थापत्य. जमिनीखालचे हवेचे बोगदे कुणी बघितलेत का? आयआयटी कानपूरच्या पर्यावरण अभियांत्रिकी केंद्राच्या इमारतीत आहेत. हरित इमारतींना मिळतं ते ग्रिहा मानांकन देशात मिळालेली ती पहिली इमारत. तिथे वर्षाला चौरस मीटरमागे २४० युनिटांची नेहमीची इमारत भिंती-छत, दिवे, एसी आणि नियंत्रण असं एकेक सुधारत ९८ पर्यंत उतरवल्याचं गणित प्रसिद्ध आहे. म्हणजे ताईंचे १५० हा काही देवाचा शब्द नाही.

गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या रिट्रीट संकुलातही असे बोगदे आहेत. ४ मीटर खोल, ७० मीटर लांब, ७० सेंटीमीटर व्यासाचे चार. एवढ्या खोलीवर जमीन वर्षभर गावाच्या सरासरी तापमानाजवळ असते, नागपूरकडे २७ च्या आसपास. वर ४४ असताना खाली २७!

टनभर

@मुरमाड, कल्पना प्रयोगशाळेलाच सर्वांत जास्त शोभते, कारण सगळी हवा बाहेरून घ्यायची असते. पण हवेचं प्रमाण बघा. समजा ताईंनी यादी छाटून १७ हूडवर आणली. १७ गुणिले १२१५ म्हणजे तासाला साडेवीस हजार घनमीटर. तुम्ही सांगितलेल्या चार नळ्यांमधून ती सेकंदाला पावणेचार मीटरने जाईल. चालेल. बाहेर ४४ ची हवा आत ३३-३४ होऊन पोचली तरी चिलरचं, म्हणजे थंडावा देणाऱ्या मुख्य यंत्राचं, काम बरंच हलकं. जुलैत मात्र उपयोग जवळपास शून्य, उलट नळीत ओल आणि बुरशीची भीती.

मुरमाड

ओलीसाठी नळीला एका बाजूला उतार आणि टोकाला पाणी गोळा करायची विहीर, माणूस उतरून धुऊ शकेल अशी. मला काळजी काळ्या मातीची आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगून ती नळ्यांचे सांधे उचलते. नळी काळ्या मातीच्या खाली मुरमात गेली पाहिजे. ताई, माती परीक्षणाच्या अहवालात मुरूम किती खोलीवर लागलाय ते बघा. तीन मीटरच्या आत असेल तर पुढचं बोलू.

नॉटिंगहॅमकर

अवांतर: आमच्या विद्यापीठात लाकडाची कार्बन-न्यूट्रल रसायन प्रयोगशाळा आहे. २०१४ मध्ये बांधकाम चालू असतानाच आगीत जळून गेली. लोकांना वाटलं आता सोडून देतील, पण पुन्हा उभी केली आणि २०१७ मध्ये उघडली. रोज तिच्यासमोरून जातो. छतावर हवा खेचून घेणारी मोठी तोंडं आहेत, आत शिरलं की इंजिनांचा आवाजच नाही. प्रयोगशाळा इतकी शांत असू शकते हे तिथे पहिल्यांदा कळलं.

छज्जा

अवांतराला अवांतर: शांततेवरून पुण्याचं आयुका, खगोलशास्त्राचं केंद्र, आठवलं. चार्ल्स कोरियांचं काम. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी ते सगळ्यांना खुलं असतं. काळ्या दगडाच्या भिंतींमधून मधल्या कुंडात आलं की शाळेची पोरं आपोआप हळू बोलायला लागतात. तिथे हूड नाहीत, त्यामुळे या धाग्याच्या हिशोबात बसत नाही. पण चौकाचं काम बघायला जरूर जा.

काळजी_घ्या

सगळं वाचलं. एक ठाम विनंती. वीज वाचवायच्या नादात हूडचा वेग कमी करू नका. मी एका कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. विद्यापीठांमध्ये पाहणीला जातो तेव्हा अर्ध्या हूडांच्या तोंडाशी टिश्यूची पट्टी धरली तर ती हलत नाही. पोरं त्याच्यासमोर डोकं घालून काम करतायत.

सॅश_खाली

@काळजी_घ्या, शंभर टक्के सहमत, आणि दोन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात. काच खाली असेल तर चेहरा आणि रसायन यांच्यामध्ये काच येते. अर्व्हाइनमध्ये धूर सोडून चाचणी केल्याशिवाय कुठल्याच हूडची हवा कमी केली नाही. कमी हूड, पण प्रत्येक तपासलेला.

प्रयोगवही

मंडळी, बैठक परवा झाली. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळे तिचा रंगच बदलला.

परीक्षानळी सरांचं ऐकून मी आणि दोन विद्यार्थिनी जुन्या इमारतीतले सगळे हूड बघत फिरलो. सकाळी अकरा, दुपारी तीन, रात्री नऊ, असं पाच दिवस. जुन्या इमारतीत २६ हूड आहेत. त्यातल्या ११ मध्ये आम्ही पाचही दिवसांत कुणी काम करताना पाहिलं नाही. त्यांत होत्या बाटल्या. एका हूडमध्ये तर बाटल्यांमागे कुणाचातरी जेवणाचा डबा, तो बघून माझं डोकंच फिरलं. हूड नाही, पंखा लावलेलं कपाट! बाटल्यांना वायुवीजन असलेलं साधं कपाट पुरतं, हूडच्या दहाव्या हिश्श्याएवढी हवा घेणारं.

पदवीचे प्रयोग लहान मापावर नेले तर नव्या इमारतीची मागणी ४२ वरून १९ वर येते. टनभर, तुमच्या १७ च्या अंदाजाला हात जोडले. बैठकीत मी काचेविरुद्ध एक शब्द बोलले नाही, फक्त शंभर सेकंदांचा हिशोब फळ्यावर मांडला. लेखाधिकारी पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. २३ हूड आणि त्यांचे सत्तर टन कमी झाले की चिलर, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर सगळंच एकेक पायरी लहान होतं, हे त्यांनीच सगळ्यांना समजावलं.

मीटर_रीडिंग, रात्रीचं रीडिंग पण घेतलं. पहाटे तीनचा भार दुपारी बाराच्या भाराच्या ५८ टक्के निघाला.

आता नवा आराखडा: रसायन सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे हूडच्या नळ्या आखूड. वरचं छत तापतं, पण सोलर पॅनेल त्यालाच सावली करतील. भौतिकशास्त्राचे लेसर तळाला, तिथे थरथर नाही आणि बाहेरची हवाही कमी लागते. वर्ग आणि कार्यालयं वेगळ्या हातात, चौकाच्या पलीकडे, कूलर आणि पंख्यांवर. पश्चिमेला जिना आणि जाळी. काच गेली नाही, पण उत्तरेला वळली.

मीटर_रीडिंग

५८ टक्के! आता एक मागणी. प्रत्येक मजल्याला आणि हूडच्या पंख्यांना वेगळा मीटर लावा, आत्ताच, निविदेत. नंतर तारा वेगळ्या करायला भिंती फोडाव्या लागतात.

परीक्षानळी

डबा कुणाचा होता ते कळलं का?

प्रयोगवही

सर, कळलं. तो आता माझ्यासोबत व्हरांड्यात जेवतो.

दार_लावा

ताई, देखभालीचं काय ठरलं?

प्रयोगवही

पाच वर्षांची देखभाल निविदेत घातली, भांडून. आणि आमच्याच आयटीआयमधल्या दोन मुलांना बांधकाम चालू असल्यापासून सोबत ठेवायचं, झडपा बसवताना त्यांनी बघायचं, असं लिहून घेतलं. दारं आत उघडायची की बाहेर यावर अग्निशमनवाल्यांशी अजून बोलणं चालू आहे.

मुरमाड

माती परीक्षण?

प्रयोगवही

@मुरमाड, अहवाल आला. काळी माती २.१ मीटर, त्याखाली मुरूम.

मुरमाड

मग बोलू पुढचं. पाया खणायच्या आधी बोगद्याची जागा आखून घ्या, नंतर तिथे कुणीतरी पार्किंग आखेल. टनभर, नळीचा व्यास तुम्ही सांगा, उतार मी काढतो.

टनभर

१९ हूड, सगळे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतील, ७० टक्के धरू. आज रात्री बसतो. ताई, मला फक्त एक सांगा, कुठल्या हूडमध्ये परक्लोरिक आम्ल वापरता? त्याची नळी वेगळी काढावी लागेल, आतून पाण्याने धुता येणारी. ती बाकीच्यांना जोडायची नाही.

प्रयोगवही

एकाच. पृथक्करण प्रयोगशाळेत, पूर्वेच्या कोपऱ्यात. नकाशावर लाल खूण करून पाठवते.

छज्जा

आणि २६ मेला दुपारी साइटवर कुणी असेल का? छज्ज्याची पूर्ण मापाची प्लायवूडची प्रतिकृती उभी करा, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला फोटो काढा. चारचा फोटो समितीला दाखवायचाय मला.

परीक्षानळी

मी येतो. टोपी आणि ताक घेऊन. चारपर्यंत थांबतो.